व्हर्च्युअल टेबलवर सर्च करूनही काही सापडत नाही? नेमकं कुठे अडतंय ते असं ओळखा

नोंद तुम्हीच लिहिलेली आहे. मागच्या सेशनला ती उघडलीही होती. आज खेळाडू त्याच सरायवाल्याशी बोलायला परत आले, तुम्ही सर्च बॉक्समध्ये त्याचं नाव टाकलं आणि खाली यादी कोरी. टेबलाभोवती बसून खेळायचे रोलप्लेइंग आणि बोर्ड गेम व्हर्च्युअल टेबलवर, म्हणजे ऑनलाइन, खेळणाऱ्यांची ही तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते, मग प्लॅटफॉर्म रोल२० असो, फाउंड्री असो, फँटसी ग्राउंड्स असो की टेबलटॉप सिम्युलेटर. त्यावर मिळणारी उत्तरंही ठरलेली असतात: कॅश साफ करा, लॉगआउट करून परत या, ब्राउझर बदला.

या उपायांनी क्वचितच काही साधतं, कारण बहुतेक वेळा सर्च बिघडलेलाच नसतो. तो आपल्या हद्दीत बरोबर शोधत असतो, तुम्हाला हवी असलेली वस्तू त्या हद्दीबाहेर असते. तो कुठल्या भागात शोधतोय, नावात शोधतोय की मजकुरात, तुम्हाला काय बघायची परवानगी आहे आणि तुम्ही टाइप केलेली अक्षरं तिथल्या अक्षरांशी तंतोतंत जुळतात का, या चारपैकी एक गोष्ट आड येत असते. ती कुठली हे कळलं की उपाय दोन मिनिटांचा असतो. न कळता केलेल्या खटपटीत सेशनचा अर्धा तास जातो, आणि चार-पाच जणांची एक वेळ जमवताना काय काय करावं लागतं ते प्रत्येक जीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरला, ठाऊक आहे.

आधी ही एक चाचणी

यादीत आत्ता डोळ्यांसमोर दिसणारी एखादी नोंद घ्या. तिच्या नावातली तीन अक्षरं त्याच यादीच्या सर्च बॉक्समध्ये टाका. ती नोंद आली तर सर्च चालू आहे, पुढचे विभाग वाचा. समोर दिसणारी नोंदसुद्धा येत नसेल तर खरंच काहीतरी बिघडलंय. मग थेट शेवटच्या विभागाकडे जा.

तक्रार उलट्या बाजूनंही येते: ‘माझं सगळं जर्नल (लिहिलेल्या नोंदींची जागा) गायब झालं!’ अशा वेळी पहिल्यांदा सर्च बॉक्स बघा. मघाशी टाकलेली दोन अक्षरं तिथे तशीच राहिलेली असतात आणि यादी त्यानुसार गाळलेली असते. बॉक्स अरुंद असेल किंवा साइडबार खाली सरकवलेला असेल तर ती अक्षरं नजरेस पडत नाहीत. कधी कधी तर चुकून पडलेली एक स्पेसच असते. बॉक्स पूर्ण रिकामा केला की सगळं जागेवर येतं. फोल्डर मिटलेला असणं हाही याचाच भाऊ, तेव्हा घाबरून बॅकअपमधून जुनं जर्नल परत आणण्याआधी एवढं तपासाच. बॅकअप वरून टाकलात तर मधल्या काळातलं लेखन खरंच जाईल.

हा बॉक्स नेमका कशाचा आहे?

या प्लॅटफॉर्मवर सगळीकडे शोधणारा एकच बॉक्स सहसा नसतो. रोल२०मध्ये जर्नल, आर्ट लायब्ररी (चित्रं), कंपेंडियम (नियम, राक्षस, मंत्र यांचा तयार संग्रह) आणि ज्यूकबॉक्स (संगीत) या चार वेगळ्या जागा आहेत. जर्नलमधलं हँडआउट, म्हणजे मजकुराचं पान, आर्ट लायब्ररीच्या बॉक्समध्ये कधीच येणार नाही. फाउंड्रीतही सीन, अ‍ॅक्टर, आयटम, जर्नल, रोल टेबल असे वेगवेगळे टॅब आहेत आणि प्रत्येकाचा बॉक्स आपल्याच टॅबपुरता शोधतो. एखादा राक्षस अ‍ॅक्टरमध्ये नसून कंपेंडियम पॅकमध्ये पडून असेल तर अ‍ॅक्टर टॅबवर तो सापडणार नाही.

फाउंड्रीत आणखी दोन ठिकाणी लोक हमखास अडकतात. कंपेंडियम टॅबच्या वरचा बॉक्स पॅकची नावं गाळतो, पॅकच्या आतल्या वस्तू नाही. आतली वस्तू हवी असेल तर पॅक उघडायचा आणि त्या खिडकीतल्या बॉक्समध्ये शोधायचं. दुसरी जागा फाइल पिकरची, म्हणजे फाइल निवडायच्या खिडकीची. तिथला बॉक्स फक्त उघड्या फोल्डरमधल्या फाइली गाळतो, उपफोल्डरांत शिरत नाही. टोकनची (नकाशावरच्या सोंगट्यांची) चित्रं राक्षसाच्या प्रकारानुसार दहा उपफोल्डरांत नीट लावून ठेवणाऱ्यांना याचाच सर्वांत जास्त त्रास होतो. अशा वेळी फाइलींची नावं अर्थपूर्ण ठेवून फोल्डर कमी केलेले बरे. सगळ्या टॅबमध्ये आणि पॅकमध्ये एकदम शोधायचं असेल तर क्विक इन्सर्ट नावाचं मॉड्यूल (फाउंड्रीला वरून जोडायची भर) आहे. कंट्रोल आणि स्पेस दाबलं की एकच बॉक्स उघडतो. सेशन चालू असताना यानं फार वेळ वाचतो, मी ते प्रत्येक नव्या कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणाऱ्या सलग खेळात) पहिल्यांदा टाकतो.

विकत घेतलेलं पुस्तक सर्चमध्ये येत नाही, ही तक्रारही याच खात्यातली. फँटसी ग्राउंड्समध्ये पुस्तकाचं मॉड्यूल तुमच्या लायब्ररीत असणं आणि ते त्या कॅम्पेनमध्ये लोड केलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लोड केल्याशिवाय त्यातले राक्षस आणि मंत्र यादीत दिसत नाहीत. फाउंड्रीतही मॉड्यूल इन्स्टॉल केलं तरी प्रत्येक वर्ल्डमध्ये, म्हणजे प्रत्येक खेळात, ते वेगळं चालू करावं लागतं. नवीन कॅम्पेन सुरू केली आणि जुन्या कॅम्पेनमध्ये सापडणारी गोष्ट इथे सापडेना, तर पहिला संशय यावर घ्या.

नाव शोधतंय की मजकूर?

माझ्या अंदाजानं निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ इथे आहे. रोल२०च्या जर्नलचा सर्च नोंदींची नावं आणि टॅग बघतो. हँडआउटच्या आत तुम्ही लिहिलेले परिच्छेद तो वाचत नाही. म्हणजे ‘सेशन ७ टिपणं’ नावाच्या हँडआउटमध्ये सरायवाल्याचं नाव दहा वेळा आलेलं असलं तरी ते नाव टाकून ती नोंद मिळणार नाही.

फाउंड्रीत आवृत्ती ११पासून सर्च बॉक्सच्या शेजारी एक छोटं चिन्ह आलं. त्यावर क्लिक केलं की फक्त नावात शोधायचं की पूर्ण मजकुरात, हे बदलतं. पुष्कळ जणांना ते चिन्ह आहे हेच माहीत नसतं. आणि ज्यांनी ते एकदा बदललंय त्यांना उलटा त्रास होतो: ‘दार’ टाकलं की वर्णनात कुठेही दार आलेल्या शंभर नोंदी समोर येतात. सापडत नाही आणि फार सापडतंय, दोन्ही तक्रारींसाठी आधी हे चिन्ह बघा.

कंपेंडियम पॅकचं गणित थोडं वेगळं आहे. पॅकमध्ये हजारो वस्तू असू शकतात. त्या सगळ्यांचा पूर्ण मजकूर प्रत्येक खेळाडूच्या ब्राउझरमध्ये आधीच उतरवला तर गेम उघडायलाच कितीतरी वेळ लागेल. म्हणून फाउंड्री पॅकची एक हलकी अनुक्रमणिका तेवढी पाठवते. तिच्यात मुख्यतः नाव, चित्र आणि प्रकार असतो. बाकीचं पान तुम्ही उघडता तेव्हा येतं. ‘आगीपासून संरक्षण देणारी अंगठी’ असं वर्णनातलं वाक्य आठवून पॅकमध्ये शोधलंत तर सहसा हाती काही लागत नाही, त्याचं कारण हे आहे. ती वस्तू एकदा वर्ल्डमध्ये आणली की मग मजकुरातला शोध तिला गाठतो.

टेबलटॉप सिम्युलेटरमध्ये हीच अडचण चित्रांच्या रूपात येते. पत्त्यांच्या गठ्ठ्यावर राइट-क्लिक करून सर्च उघडलं की आतले पत्ते दिसतात, वर नाव टाकायलाही जागा असते. पण स्वतः तयार केलेला गठ्ठा म्हणजे बहुतेकदा एका मोठ्या चित्राचे कापलेले तुकडे. पत्त्यावर ठळक अक्षरांत नाव छापलेलं तुम्हाला दिसतं, प्रोग्रॅमच्या दृष्टीनं मात्र तो निव्वळ रंगीत आयत असतो. पत्त्यावर राइट-क्लिक करून नावाची चौकट भरली तरच तो नावानं सापडतो. मोठा गठ्ठा असेल तर सगळे पत्ते भरत बसू नका. खेळात मुद्दाम शोधून काढावे लागणारे पत्ते तेवढे भरा. आणखी एक, पिशवीच्या आत पिशवी असेल तर बाहेरच्या पिशवीचा सर्च आतल्या पिशवीतल्या वस्तू दाखवत नाही. आतली पिशवी बाहेर काढून तिच्यावर वेगळा सर्च करावा लागतो. नकाशावर चित्रातच लिहिलेली गावांची नावं आणि स्कॅन केलेली पानं यांनाही हेच लागू.

उपाय काय, तर जो शब्द ऐन वेळी तुमच्या तोंडी येणार आहे तो नावात किंवा टॅगमध्ये आणून ठेवा. ‘सेशन ७ टिपणं’ याऐवजी ‘०७ बंदर, सरायवाला, चोरलेलं गलबत’ असं नाव द्या. सरायवाल्याची वेगळी नोंद असेल तर टॅगमध्ये त्याचं नाव, टोपणनाव, गाव आणि धंदा टाका. खेळाडूंना त्याचं नाव आठवत नाही, ‘तो एका डोळ्याचा’ एवढंच आठवतं. मग ‘एकडोळ्या’ हाही टॅग हवा. सेशन संपल्यावर लगेच पाच मिनिटं यासाठी काढली तर खेळाडूंनी त्या व्यक्तीला कोणत्या शब्दानं हाक मारली ते ताजं असतं, आणि पुढच्या वेळी तेच त्या शब्दानं विचारणार असतात.

वस्तू आहे, पण तिचं नाव वेगळं आहे

विझार्डचं, म्हणजे जादूगाराचं, पात्र खेळणारा म्हणतो, ‘मी बिग्बीज हँड टाकतो.’ तुम्ही सर्चमध्ये बिग्बी लिहिता. काही नाही. मंत्र तर पुस्तकात आहे! इथे प्लॅटफॉर्मचा दोष नाही. डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोलप्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा जो भाग सगळ्यांना वापरायला मोकळा आहे, तो एसआरडी, त्यात प्रकाशक विझार्ड्स ऑफ द कोस्टनं आपल्या खास पात्रांची नावं ठेवलेली नाहीत. तिथे बिग्बीज हँडचं नाव आर्केन हँड आहे. मेल्फ्स अ‍ॅसिड अ‍ॅरो हा नुसता अ‍ॅसिड अ‍ॅरो आहे, टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क नुसती फ्लोटिंग डिस्क, एव्हर्ड्स ब्लॅक टेंटकल्स नुसते ब्लॅक टेंटकल्स. मोफत कंपेंडियम वापरत असाल तर जादूगाराचं नाव सोडून पुढचा शब्द शोधा. यादीतल्या बाकीच्या मंत्रांना हे पुरतं. बिग्बीला पुरत नाही, कारण हँड टाकल्यावर बर्निंग हँड्स आणि मेज हँडही सोबत येतात, त्यांतून आर्केन हँड ओळखावा लागतो.

काही राक्षस तर मोफत भागात कुठल्याच नावानं नाहीत. बिहोल्डर, माइंड फ्लेअर, डिस्प्लेसर बीस्ट, युआन-टी हे कंपनीनं स्वतःकडे राखून ठेवलेत. ते शोधून शोधून दमू नका. ज्या पुस्तकात ते आहेत ते त्या प्लॅटफॉर्मवर घ्यायचं किंवा नोंद हातानं भरायची, एवढेच दोन मार्ग आहेत.

डी अँड डीच्या २०२४च्या नव्या नियमांनी यात भर घातली. ‘रेस’ आता ‘स्पीशीज’ झाली. फीबलमाइंड हा मंत्र बिफडलमेंट झाला, ब्रँडिंग स्माइट शायनिंग स्माइट झाला. ज्या गेममध्ये फक्त २०२४चं साहित्य चालू आहे तिथे जुनं नाव टाकलं तर काही येत नाही. ज्या गेममध्ये दोन्ही चालू आहेत तिथे एकाच नावाच्या दोन नोंदी येतात आणि सेशनच्या घाईत चुकीची ओढली जाते. डी अँड डी बियाँड या साइटवर जुन्या साहित्याला ‘लेगसी’ अशी खूण असते, ती बघूनच निवडा. माझं ठाम मत असं की एका कॅम्पेनमध्ये एकाच साली छापलेले नियम चालू ठेवावेत. दोन्ही ठेवायचेच असतील तर निदान कुठल्या वस्तू जुन्यातल्या घ्यायच्या हे टेबलवर आधी ठरवून जर्नलमध्ये लिहून ठेवा.

पाथफाइंडर हा दुसरा रोलप्लेइंग खेळ खेळणाऱ्यांनी हे २०२३च्या नोव्हेंबरमध्येच अनुभवलं. त्याच्या प्रकाशकानं, पायझोनं, दुसऱ्या आवृत्तीचं रीमास्टर (सुधारित रूप) काढलं, जुनं ओपन गेम लायसन्स (डी अँड डीचा मोकळा मजकूर वापरू देणारा परवाना) सोडलं आणि त्याबरोबर त्या लायसन्समधून आलेली कितीतरी नावं बदलली. मॅजिक मिसाइल आता फोर्स बराज आहे. फ्लॅट-फुटेडला ऑफ-गार्ड म्हणतात, अटॅक ऑफ ऑपॉर्च्युनिटीला रिअ‍ॅक्टिव्ह स्ट्राइक. तुम्ही आधीपासून खेळत असाल तर बोटांना जुनी नावं सवयीची असतात. अशा नावांची जुनं-नवं अशी जोडी लिहिलेली एक नोंद करा, तिचं नावच ‘बदललेली नावं’ ठेवा. नियम बदलल्यावर माझ्या टेबलवर सर्वांत जास्त उघडलेली नोंद हीच होती.

जीएमला दिसतं, खेळाडूला नाही

हे लवकर आटपतं. परवानगी नसलेली नोंद खेळाडूच्या सर्चमध्ये येतच नाही, ‘परवानगी नाही’ असं सांगितलंही जात नाही. रोल२०मध्ये ‘रीजॉइन अ‍ॅज प्लेअर’ आहे, त्यानं खेळाडूच्या नजरेनं बघता येतं. फाउंड्रीत एक जादा खेळाडू तयार करा आणि खासगी खिडकीतून त्या नावानं आत या. तिथे नोंद दिसत नसेल तर तिची ओनरशिप (ती कोणाला बघता येते ते) तपासा, आणि ती पॅकमध्ये असेल तर पॅक खेळाडूंना खुला आहे का तेही. विकत घेतलेलं पुस्तक खेळाडूंना दिसत नसेल तर जीएमनं ते त्या गेममध्ये शेअर केलंय का ते बघा. रोल२०मध्ये आर्काइव्ह केलेल्या नोंदी नेहमीच्या यादीतून बाजूला जातात, हेही लक्षात असू द्या.

अक्षरं सारखी दिसतात, सारखी नसतात

इंग्रजी नावांपासून सुरुवात करू. पुस्तकाच्या पीडीएफमधून नाव कॉपी केलं तर त्यातला अपॉस्ट्रॉफी बहुधा वाकडा असतो, कीबोर्डवर मिळतो तो सरळ. टेन्सर्समध्ये एक आहे आणि मेल्फ्समध्येही. सर्चच्या दृष्टीनं ही दोन वेगळी चिन्हं आहेत. पीडीएफमध्ये एफ आणि आय किंवा एफ आणि एल जोडून एकच अक्षर छापलेलं असतं, तेही कॉपी करताना तसंच येतं. ओळीच्या शेवटी तुटलेल्या शब्दात न दिसणारा हायफन राहून जातो. यावर एकच खात्रीचा उपाय आहे: नोंदीचं नाव कधीही कॉपी करू नका, हातानं टाइप करा. आणि शोधताना अपॉस्ट्रॉफीच्या आधीचा किंवा नंतरचा तुकडाच टाका.

टिपणं मराठीत ठेवणाऱ्यांना यापुढचं फार उपयोगी पडेल.

‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे लिहिलेलं सापडतं. एक स्वतंत्र ‘ॲ’, जो युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या मानकात) २००८ साली आला. दुसरा ‘अ’ लिहून त्यावर अर्धचंद्र दिलेला, कधी मध्ये एक न दिसणारं जोडचिन्हही असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण युनिकोड त्यांना एक मानत नाही. फोनवर लिहिलेली ॲकॅडमी लॅपटॉपवरून शोधली की सापडत नाही, त्याचं कारण हे. ओळखायचं कसं? कर्सर त्या अक्षरानंतर ठेवा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. पूर्ण अक्षर गेलं तर ते स्वतंत्र ‘ॲ’ आहे. नुसता ‘अ’ मागे राहिला तर ते जोडलेलं आहे. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातल्या ऱ्याचंही तसंच. तो ‘ऱ’ला हलन्त देऊन लिहिता येतो किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. दिसायला फरक नाही, शोधायला आहे.

याहून मोठी अडचण सामान्यरूपाची. हे सर्च सलग अक्षरं जुळवतात, व्याकरण त्यांना कळत नाही. ‘किल्ला’ टाकलं तर ‘किल्ल्यात’ मिळत नाही, कारण ‘किल्ल’नंतर एकात काना आहे आणि दुसऱ्यात जोडाक्षर. ‘विहीर’ टाकलं तर ‘विहिरीत’ नाही, तिथे तर दीर्घ ‘ही’ ऱ्हस्व होते. म्हणून मजकुरात शोधताना शब्दाचा न बदलणारा पुढचा भागच टाका: ‘किल्ल’, ‘विह’, ‘वाड’, ‘किना’. दोन-चार नको असलेल्या नोंदी येतील, पण हवी ती निसटणार नाही. नोंदीच्या नावात मात्र शब्द मूळ रूपात ठेवा. ‘विहिरीतला आवाज’ असं नाव देणार असाल तर टॅगमध्ये ‘विहीर’ टाका.

आकड्यांचंही तसंच. नावात ‘०७’ देवनागरीत लिहिलंत आणि शोधताना इंग्रजी आकडे टाकलेत तर जुळणार नाही. कुठलेही वापरा, पण सगळ्या कॅम्पेनभर तेच वापरा. परकी नावं देवनागरीत लिहिताना प्रत्येक जण वेगळी लिहितो, म्हणून टेबलवर दोन-तीन जण मिळून टिपणं लिहीत असतील तर मुख्य पात्रांच्या नावांची एक यादी सुरुवातीलाच ठरवून घ्या.

चॅटमधलं जुनं वाक्य

मागच्या महिन्यात कोणी काय वचन दिलं होतं हे चॅटमध्ये शोधताना लोक कंट्रोल-एफ दाबतात आणि ‘सापडलं नाही’ वाचून वाद सुरू होतो. ब्राउझरचा हा शोध पानावर उतरलेल्या मजकुरातच चालतो. फाउंड्रीचा चॅट लॉग वर सरकवाल तसतसा तुकड्या-तुकड्यांनी येतो. रोल२०चं चॅट आर्काइव्ह पानांमध्ये विभागलेलं असतं, त्यामुळे ते आधी एका पानावर उघडून घ्यावं लागतं. फाउंड्रीत चॅट लॉग मजकुराच्या फाइलमध्ये एक्स्पोर्ट करायचं बटण आहे. दर सेशननंतर ती फाइल तारखेच्या नावानं ठेवली तर साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये सगळं शोधता येतं. आणि कोणी चॅट साफ केला तरी तुमच्याकडे प्रत राहते.

खेळायला टेबल किंवा गट शोधताना

बोर्ड गेम अरीना या साइटवर रिअल टाइम (सगळे एकाच वेळी हजर) आणि टर्न-बेस्ड (आपापल्या सवडीनं चाल) हे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात मोकळं टेबल दिसत नसेल तर दुसऱ्यात बघा. खेळाचं नाव भाषेनुसार बदलतं हेही ध्यानात ठेवा. टिकेट टू राइड जर्मनमध्ये त्सुग उम त्सुग नावानं विकला जातो. ‘७ वंडर्स’सारख्या नावात आकडा आहे, तो अक्षरांत लिहिलात तर कदाचित येणार नाही. रोल२०वर गट शोधताना एकदम पाच फिल्टर लावू नका. आधी फक्त खेळाची पद्धत, मग भाषा, मग वेळ. यादी कुठल्या फिल्टरला रिकामी होते ते तिथेच कळतं.

खरंच बिघडलं असेल तर

पहिल्या चाचणीत समोरची नोंदही आली नसेल तर क्रम असा ठेवा. पान कॅशशिवाय पुन्हा लोड करा, म्हणजे कंट्रोल, शिफ्ट आणि आर. मग खासगी खिडकीत उघडा. तिथे ब्राउझरची एक्स्टेन्शन बहुधा बंद असतात, त्यामुळे जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनचा दोष असेल तर लगेच कळतं. फाउंड्रीत यानंतरचा संशय मॉड्यूलवर. नवी आवृत्ती घेतल्यावर जुनं मॉड्यूल साइडबार मोडतं, हे नेहमीचं आहे. सगळी मॉड्यूल बंद करून बघा. सर्च चालू झाला तर दोषी शोधायला फाइंड द कल्प्रिट नावाचं मॉड्यूल आहे. ते दर वेळी उरलेल्यांपैकी निम्मी बंद ठेवून विचारतं, त्यामुळे ६४ मॉड्यूल असली तरी ६ फेऱ्यांत एकावर येता येतं. एकेक बंद करत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं. हे काम सेशनच्या दिवशी करू नका, आणि करण्याआधी वर्ल्डचा बॅकअप घ्या.

शेवटी मदत मागायची वेळ आली तर ‘सर्च चालत नाही’ एवढंच लिहू नका. मदत करणाऱ्याला तेवढ्यावरून काहीच करता येत नाही आणि तुमचे दोन दिवस उलटसुलट प्रश्नांत जातात. प्लॅटफॉर्मची आवृत्ती, ब्राउझर, कुठल्या टॅबवरचा बॉक्स, तुम्ही जीएम की खेळाडू, मॉड्यूल बंद केल्यावर काय झालं आणि ती नोंद कुठे ठेवलेली आहे हे लिहा. स्क्रीनशॉटमध्ये सर्च बॉक्स आणि रिकामी यादी दोन्ही एकत्र दिसू द्या. शोधलेला शब्द आणि नोंदीचं मूळ नाव चित्राबरोबर मजकूर म्हणूनही चिकटवा. अपॉस्ट्रॉफी वाकडा आहे की ‘ॲ’ जोडलेला आहे, हे चित्रावरून कोणालाच सांगता येणार नाही.